रोज एक थेंब, दुधातून

१२ जाने., सोमवार. नांदेड.
पेपरात सत्काराचा फोटो आला. पान चार, खालचा कोपरा. शाल माझ्या खांद्यावर, नारळ माझ्या हातात, बाकी सगळ्या फोटोभर माझे मार्गदर्शक, सर. मथळा: 'बिब्ब्यापुढे कर्करोगाच्या पेशी करतात आत्महत्या! नांदेडच्या सूनबाईंचे संशोधन.' सहा वर्षं प्रयोगशाळेत घालवली आणि निघाले सूनबाई. प्लेटमधल्या पेशी, माणसातल्या नव्हे, असं त्या वार्ताहराला तीनदा सांगितलं होतं. प्लेट गाळली गड्यानं.

संध्याकाळी लातूरहून सासूबाईंचा फोन. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांनी आपणहून मला लावलेला हा पहिला. नेहमी प्रमोदला लावतात आणि चुकून मी उचलला तर 'हाय का त्यो?' एवढंच. आज म्हणाल्या, 'सुजाता, पेपर बगितला गं. रविवारी ये. एकटीच ये.' ठेवला. प्रमोद खूश. म्हणाला, बघ, आईला कळलं शेवटी. मलाही बरं वाटलं, लपवून काय करू.

१४, बुध.
दिवसभर अनोळखी नंबर. भोकरचा एक माणूस बायकोचे रिपोर्ट पिशवीत घेऊन विद्यापीठात आमच्या विभागाच्या गेटवर बसून राहिला. वॉचमनने आत सोडलं नाही. मी खिडकीतून पाहिलं, खाली गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? सर म्हणतात, 'नाव झालं की हे आलंच, बाई.'

किनवटच्या बायका आठवल्या. बिब्बे फोडून फोडून त्या तेलानं बोटांची कातडी गेलेली. त्यांच्याकडूनच पोतंभर बिब्बे आणले होते. एकीनं विचारलं होतं, 'याच्यानं कॅन्सर जाते म्हंता? मंग आमाला तं व्हायलाच नको.' मी हसले होते तेव्हा.

१८, रवि. लातूर.
सासूबाईंनी जाऊबाईंना भाजीला पिटाळलं, दार लावलं आणि पदर बाजूला केला. डाव्या बाजूला गाठ. लिंबाएवढी. 'सात महिने झाले. कुनाला बोलले न्हाई.' मोठ्या मुलाला नाही, प्रमोदला नाही, ज्या जाऊबाई रोज वाढून देतात त्यांना नाही. मला. माझा हात धरून गाठीवर ठेवला.

हीच बाई. माझा दुसरा गर्भ गेला तेव्हा आल्या-गेल्यासमोर म्हणाली होती, 'बशीत किडे वाढवून राहिली, पोटात काय वाढंना.' जाऊबाईंच्या मुलीच्या बारशाला मला पाळण्याच्या दोरीला हात लावू दिला नव्हता. मी विसरले नाही, विसरायचा विचारही नाही.

आज म्हणते, 'डाक्टर कापतेत गं. औषध तू शोदलं ना, तूच दे. घरात आसताना मी दुसऱ्याच्या दारात कामून जाऊ?'
मी म्हटलं, आत्याबाई, आधी तपासणी करू. हो म्हणाल्या. मग हळूच, 'पन घ्यायचं कसं?'
आणि मी सांगितलं. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेलाचा थेंब दुधात पाडायचा. रोज एक. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, त्यांची आई खोकल्यावर हेच द्यायची. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मला सांगायचं होतं. तेवढी दहा मिनिटं मी त्या घरात कोणीतरी होते.

परत येताना गाडीत उगाच हसू येत होतं. लाज वाटायला हवी.

२४, शनि. नांदेड.
मोठ्या दिरांचा, दादांचा फोन. रडत होते. कॅन्सरच. पण सर्जन म्हणाले, आत्ता तरी गाठ जागच्या जागी आहे, काढून टाकू. तारीख १० फेब्रुवारी. सासूबाई तिथून उठल्या ते थेट रिक्षात जाऊन बसल्या. 'माजी सून हाय.' सर्जननी दादांना विचारलं, सून काय करते? दादांच्या खिशात कात्रण होतंच, दाखवलं. त्यावर सर्जन काय म्हणाले ते दादांनी मला सांगितलं नाही.

२९, गुरु.
प्रबंधाच्या परीक्षकांचं पत्र. सगळं ठीक, एकच शंका. नुसतं द्रावक घातलेल्या खळग्यांचे आकडे कुठे आहेत?

बिब्ब्याचं तेल पाण्यात विरघळत नाही, ते एका रासायनिक द्रावकात विरघळवून पेशींवर टाकावं लागतं. द्रावक जास्त झालं तर त्यानेही पेशी मरतात. म्हणून प्लेटमध्ये काही खळगे असे ठेवायचे, ज्यांत बिब्बा नाही, नुसतं तेवढंच द्रावक. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे खडसावून शिकवते. माझ्या वहीत काय लिहिलंय? 'तुलनेसाठी: नुसतं पाणी.' त्या वर्षी द्रावकाची बाटली तळाला गेली होती, नवी यायला चार महिने होते. सर म्हणाले होते, तुलनेच्या खळग्यांत कशाला वाया घालवता. मी म्हटलं नंतर करीन. मग निकाल इतका छान आला की नंतर केलंच नाही.

उद्या प्लेट लावते.

१ फेब्रु., रवि.
रंग टाकला की जिवंत पेशी जांभळ्या होतात, मेलेल्या पिवळ्या राहतात. बिब्ब्याची ओळ पिवळी. नुसत्या द्रावकाची ओळ पिवळी. तितकीच.

तिसऱ्या ओळीत द्रावक अगदी बेताचं ठेवून बिब्बा भरपूर घातला होता. ती सगळी जांभळी. पेशींना बिब्ब्याचं काही पडलेलं नाही. मी डोस वाढवत नेला तसतसं द्रावकही वाढत गेलं, म्हणून माझा आलेख तेवढा देखणा चढला. पेपरात छापला तो. सत्काराच्या पडद्यावर दाखवला तो. मीच मारत होते पेशी, बाटलीतल्या द्रावकानं. चूक कुठली, तर पोरंसुद्धा करत नाहीत ती.

आज पौर्णिमा. जाऊबाईंचा फोन: सासूबाई विहारात सगळ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या म्हणे. थेंब रोज तीन झालेत.

२, सोम.
सरांना प्लेट दाखवली. पहिला प्रश्न, 'आणखी कोणी बघितली?' कोणी नाही म्हटल्यावर मोकळे झाले. म्हणाले, 'वीस मार्चला तुमची तोंडी परीक्षा. परीक्षकांना लिहा, द्रावकाचा परिणाम नगण्य आढळला. नगण्य चांगला शब्द आहे, बाई. त्यात सगळं मावतं.' चहा मागवला, बिस्किटं मागवली.
'सर, माझ्या घरात एक पेशंट हेच घेतेय.'
'मग घेऊ द्या की. समाधान मिळतं माणसाला.'
त्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. मी बिस्कीट खाल्लं.

४, बुध.
इथे तरी खरं लिहिते. मेथी निवडताना मनात आलं, नाहीच सांगितलं तर? ती आपल्या पायानं चालली आहे, मी ढकललेलं नाही. उलट लोक म्हणतील, सुनेनं किती केलं. परीक्षा होईल. म्हातारी जाईपर्यंत माझं नाव घेत राहील आणि नंतर घर शांत. हे सगळं अगदी सहज आलं, शेजारीण येऊन बसावी तसं. भीती वाटायला हवी होती. जुडी निवडून संपली तरी वाटली नाही.

मग प्रमोद शाळेतून आला. 'आईला दोन घास जास्त जातायत. तुझ्यामुळे,' म्हणाला आणि स्वतः उठून माझ्या ताटात वाढलं. नऊ वर्षांत कधी नाही. तेव्हा मात्र भीती वाटली. ताट झाकून उठले.

७, शनि. लातूर.
दोघं गेलो. सासूबाईंचे ओठ सोललेले, मानेवर लाल पुरळ. जाऊबाई म्हणाल्या, 'बिब्बा उतलाय. खोबरं चोळून राहिले रोज.' मग आत नेऊन दाखवलं. थेंब घेऊन समाधान होईना म्हणून सासूबाई तेल थेट गाठीवर लावत होत्या. कातडीला मोठाले फोड, पाणी सुटलेलं, चोळी चिकटलेली. हूं की चूं नाही. ती बाई कडक आहे, हे मान्य करावंच लागेल.

सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. बिब्ब्यानं काही होत नाही. माझी चूक झाली, पेशी दुसऱ्याच कशाने मेल्या. पेपरातलं चुकीचं आहे. तारीख मंगळवारची आहे, ऑपरेशन करून घ्या.

आधी बोलल्या त्या सासूबाई: 'झालं का बोलून? गाठ बारीक व्हायली माजी, रोज हातानं बगते मी. गुन यायला तसं हिच्या पोटात दुकायलंय. मी मरावं आसंच हाय हिच्या मनात. नऊ वर्सं वाट बगून राहिली ही.'
दादा म्हणाले, 'पेपरात खोटं छापतील का पन?'
आणि प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांदेखत, तपासून घ्यावं तसं. माझा नवरा.

मला ओरडून सांगायचं होतं की असं काही माझ्या मनात नाही. पण बुधवार आठवला.

१०, मंगळ.
आजची तारीख वाया. फोड चिघळले म्हणून दादांनी मलमासाठी का होईना, जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. सर्जन म्हणाले, 'या कातडीला मी सुरी लावू शकत नाही, टाके धरणार नाहीत. महिना जाईल.' मग विचारलं, 'हे करायला कोणी सांगितलं?' जाऊबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसतं पाहिलं. ते जास्त लागलं.

नवी तारीख १० मार्च. सर्जन म्हणाले, महिनाभर गाठ तुमच्यासाठी थांबणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. सासूबाई मलम घेऊन घरी आल्या. ऑपरेशनला नाहीच म्हणतायत.

१५, रवि. नांदेड.
प्रमोद बोलत नाही. कामापुरतं. डबा, किल्ली, गॅस. माझ्या माहेरी, मुदखेडला बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. बाबा रेल्वेत होते, सरळ माणूस. म्हणाले, 'चूक झाली ना? मग लिहून दे जिथं द्यायची तिथं.' बाबा, लिहून दिल्यानं म्हातारी टेबलावर झोपणार आहे का?

लिहून ठेवलंय तरी. परीक्षकांना दुरुस्तीचं पत्र, दीड पान. सरांच्या सहीची जागा रिकामी.

२१, शनि. लातूर.
केलं. बरं की वाईट माहीत नाही.

सगळ्यांसमोर म्हटलं, 'आत्याबाई, त्या दिवशी मी खोटं बोलले. औषध खरंच आहे. पण गाठ अंगात असेपर्यंत ते लागू पडत नाही. आधी गाठ काढायची, मग उरलेल्या मुळाला औषध. तोवर बिब्बा बंद, नाहीतर त्याची ताकद मरते.' एवढं सफाईदार खोटं मी प्रबंधातही लिहिलेलं नाही. मुळाला औषध!

सासूबाईंनी विचारलं, 'मंग त्या दिशी तसं कामून बोललीस?'
'राग होता तुमच्यावर.'
'आजून हाय?'
'आहे.'
त्यांनी मान हलवली. 'हाव. आसंलच.' खरं सांगितलं तेव्हा पटलं नाही, रागाचं मात्र लगेच पटलं. 'करा मंग आपरेशन. पन बरी झाल्यावर औषध तुज्याच हातानं घेनार.'

प्रमोद परतीच्या वाटेवर पुन्हा बोलायला लागला. शेंगा घेतल्या, सोलून माझ्या हातात दिल्या. मला त्याचा इतका राग आला की त्या खिडकीतून फेकल्या.

३ मार्च, मंगळ. लातूर.
फोड भरले, कातडी धरली. पण सर्जननी काखेत हात घालून पाहिलं. तिथे आणखी एक लागतेय. जानेवारीत नव्हती. दादांना ते नीट कळलं नाही, मला कळलं. ती काखेतली गाठ माझी आहे. दुसऱ्या कोणाची नाही.

९, सोम. लातूर, दवाखाना.
भरती केलं. बायकांच्या वॉर्डात सासूबाईंचा दरबार. 'ही माजी सून. पेपरात आली हुती.' बायका खाटांवरून मान वर करून बघतायत. मी कानाशी जाऊन म्हटलं, आत्याबाई, इथं नको. तर मोठ्यानं, 'कामून नको? तुजंच नाव करून राहिले ना मी?'

अकरा नंबरच्या खाटेवर शांताबाई. निलंग्याकडची, चाळिशीची, अंगणवाडीत मदतनीस. ऑपरेशन परवा. मला पाण्याच्या टाकीपाशी गाठून विचारलं, 'लई दुकतं का वो म्याडम?' गुंगी देतात, काही कळत नाही म्हटलं. हसली. तिची गाठ सुपारीएवढी आहे, वेळेत आलीय, ती नक्की बरी होईल असं सिस्टर म्हणाल्या. मला ती बाई आवडली. सासूबाई झोपल्या होत्या म्हणून तिच्याच खाटेवर बसून आम्ही दोघींनी चिवडा खाल्ला.

१०, मंगळ. दवाखाना.
सव्वानऊला सासूबाईंना आत नेलं. स्ट्रेचर दारापाशी थांबलं तेव्हा मला खाली वाकायची खूण केली. 'अकरा नंबरची गेली गं. सकाळीच गेले नवरा-बायकू. मीच सांगितलं. म्हनलं, तुजी गाठ बारीक हाय, तू कामून कापून घेतीस? मी जास्त लावलं म्हून भाजलं, माजी चूक. तू बेतानं घे, एकच थेंब.' आणि तोंडभर हसल्या. नऊ वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. 'नाव केलं बग तुजं.' दार बंद झालं.

धावत वॉर्डात. खाट रिकामी, चादर घडी घालून उशाला.

सिस्टरनी रजिस्टरातून नंबर काढून दिला. नवऱ्याने उचलला, मागे गाडीचा आवाज. मी नाव सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, भिंतीला टेकून. माझी चूक, पेशी कशाने मेल्या, सासूबाई कशाने भाजल्या, त्यांच्या काखेतली गाठ. एकही थेंब देऊ नका. तसेच मागे फिरा, उद्याची तारीख जाऊ देऊ नका.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'म्याडम, तुमच्या सासूबाईनं सांगितलं आमाला. म्हनल्या, ती आदी न्हाईच म्हनंल. मलाबी न्हाई म्हनली हुती, मंग दिलं. आमी गरिबानं इचारलं की लगीच न्हाई का?'
मी म्हटलं, माझ्या सासूबाई आत्ता या क्षणी ऑपरेशनच्या टेबलावर आहेत.
'हाव. त्यान्ला जास्त झालं म्हून. आमी बेतानं घेऊ.'
शांताबाईंनी फोन घेतला. 'म्याडम, पाया पडते. लेकीचं लगीन हाय वैशाखात. आसं अंग कापून मांडवात कशी हुबी ऱ्हाऊ? तेवडं न्हाई म्हनू नका वो.'
मी नाही म्हटलं. पुन्हा म्हटलं. ओरडून म्हटलं. पलीकडे फोन बंद झालेला होता. नंतर लागतच नाही.

११.४०. अजून बाहेर आणलेलं नाही. निलंग्याची गाडी साडेबाराला आहे. तिथून त्यांचं गाव सात किलोमीटर आत, सिस्टरनी सांगितलं. प्रमोदला म्हटलं, मी जाऊन येते. तो म्हणाला, 'आई शुद्धीवर आल्याबरोबर तुलाच विचारणार. औषध कुठंय म्हणून. मी काय सांगू?' मी पर्स उचलली.

रिक्षात लिहितेय, अक्षर लागणार नाही. त्यांच्या दारात उभी राहून काय बोलायचं ते ठरत नाही. नाही म्हटलं की त्यांना वाटतं मी राखून ठेवतेय. लातूरच्या घरात जे खोटं चाललं तेच तिथेही चालेल. आधी गाठ काढा, मग मुळाला औषध, मी स्वतः आणून देते. उद्या सकाळी परत येईल ती. टेबलावर झोपेल. जगेल. आणि मग वैशाखात मांडवात सगळ्या गावासमोर माझं नाव घेईल, आणि त्या गावातली आणखी कोणीतरी गाठ लपवून बसलेली

स्टँड आलं.